आमराईतली जुनी मोटार : ओळखायची कशी, आणि ती कुणाची?

शेतावरच्या पडक्या शेडमध्ये जुनी मोटार सापडली की माणूस पहिला फोटो काढतो तो समोरून. गंजलेली जाळी, एक फुटका दिवा, बॉनेटवर रचलेल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या. खाली दोनच प्रश्न : ही कोणती गाडी, आणि हिचे किती येतील? मी लखनौत राहतो, जुन्या मोटारींचा नाद आहे, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे सतत येतात. काही मलिहाबादच्या आमरायांतून, काही बाराबंकी-सीतापूरकडून, काही थेट सातारा-नगर भागातून. गोंधळ सगळ्यांचा सारखाच. खरं तर समोरचा फोटो ओळखीला सर्वांत कमी उपयोगाचा, आणि किमतीचा प्रश्न सर्वांत शेवटचा.

त्या दोन प्रश्नांच्या मध्ये आणखी तीन प्रश्न आहेत : गाडी खरोखर काय आहे, कायद्यानं ती कुणाची आहे, आणि तिचे कागद होऊ शकतात का. या क्रमानं गेलात तर चुका कमी होतात. उलट्या क्रमानं गेलेली माणसं बहुधा भंगारवाल्याच्या काट्यापाशी थांबतात.

अशा गाड्या शेतात येतात कुठून?

पहिल्या मालकाचा अंदाज बांधायला एवढा इतिहास लागतोच. अवधच्या ताल्लुकेदारांकडे, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांकडे, मोटारी लवकर आल्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली, पाठोपाठ फोर्डही उतरली, आणि शेवर्ले, ब्यूक, फोर्ड या गाड्या संस्थानिकांच्या खालच्या थरातही पोचल्या. उत्तर प्रदेशात १ जुलै १९५२ ला जमीनदारी गेली. शहरातल्या कोठ्या विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या, आणि गाडी गावाकडच्या बागेत येऊन उभी राहिली. त्याच सुमारास परदेशी कंपन्यांनी इथली जुळणी गुंडाळली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी विकली नाही, कारण घेणारा नव्हता. मोडली नाही, कारण वडिलांची होती.

महाराष्ट्रात आणि मराठी संस्थानांत हीच गोष्ट थोड्या फरकानं घडली. कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख आजही दसऱ्याला बाहेर निघते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी इंग्लंडच्या गर्नी नटिंगनं बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग जगभरच्या हौशींना तोंडपाठ आहे. तुमच्या शेडमध्ये तसली गाडी असण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. असेल ती फोर्ड, शेवर्ले, मॉरिस, ऑस्टिन, जीप, नाहीतर आपली डुक्कर फियाट. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ज्या गाडीचे भाग मिळतात तीच पुन्हा रस्त्यावर येते.

पहिल्या दिवशी काय करू नये

- स्टार्टर मारू नका, हँडलही फिरवू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. प्लग काढून आत तेल सोडून बरेच दिवस मुरू द्यावं लागतं, आणि ते काम मिस्त्रीचं.
- ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढू नका. ब्रेक जाम असतात. चाकांचे आरे लाकडी असतील तर ते वाळवीनं आतून पोकळ झालेले असू शकतात. गाडी हलते, चाक तिथंच राहतं.
- धुऊ नका. पाण्याच्या माऱ्यानं रंगाचे मूळ थर, दारावरचं पुसट बोधचिन्ह, काचेवरचा जुना कराचा कागद, सगळं जातं. ही सगळी ओळखीची साधनं आहेत.
- पितळी पट्टी, बॅज, बॉनेटवरची मूर्ती काढून घरी नेऊ नका. “चोरी होईल म्हणून काढून ठेवलं” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पट्टी कोणत्या गाडीची हे पुढं कुणालाच सिद्ध करता येत नाही.
- सीटखाली हात घालण्याआधी काठी फिरवा. अवधच्या बागांत साप आणि गांधीलमाश्या दोन्ही मुबलक. टाकीत जुनं पेट्रोल असू शकतं, तेव्हा विडी-सिगारेट बाहेर.

काय करायचं? गाडी आहे तिथं, आहे तशी, चारी बाजूंनी फोटो. मग शेडचेही. चाकाची टोपी धान्य मोजायला गेलेली असते, पुढची सीट ओसरीवर बैठक झालेली असते. इंजिनच नसेल तर निराश होण्याआधी ट्यूबवेलची कोठडी आणि पिठाची चक्की बघून या. मोटारीच्या इंजिनावर पंप चालवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे.

ओळख म्हणजे नंबर

मोटारीचं नाव जाळीवर असतं, ओळख चॅसिसवर असते. जाळी, दिवे, चाकं, दारं बदलता येतात. पन्नास-साठ वर्षांत ती बदललीही जातात. म्हणून फोटोवरून “ही एकोणतीसची शेवर्ले” असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मीसुद्धा त्यात आलो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दोन प्रकारच्या आकड्यांत.

उठावाचे आकडे म्हणजे ओतकामातच आलेले, बोटाला वर लागणारे. हे सुट्या भागाचे किंवा साच्याचे नंबर. एकाच साच्यातून हजारो इंजिनं निघतात, त्या सगळ्यांवर तोच आकडा. ठोकलेले आकडे म्हणजे छिन्नीसारख्या ठशानं धातूत खोल बसवलेले. गाडीची ओळख हे आकडे सांगतात. लोक हमखास पहिले आकडे लिहून पाठवतात, कारण ते मोठे आणि स्पष्ट असतात.

उठावाचे आकडे अगदीच वाया जात नाहीत. जनरल मोटर्सच्या इंजिनांवर ओतकामाची तारीख सांकेतिक रूपात असते : ‘ए’ ते ‘एल’ यांपैकी एक अक्षर महिन्याचं, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे ‘सी १४ ७’ हे चौदा मार्च, साल सातानं संपणारं. सत्तावीस की सदतीस, ते बाकीच्या गाडीवरून ठरवायचं. मात्र ही तारीख इंजिनाची आहे, गाडीची नाही.

नंबर वाचायला वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. जुना टूथब्रश, थोडं डिझेल, मऊ फडकं. मळ निघाला की वरून खडू घासा, खाचांत पांढरं बसतं. अंधार करून टॉर्च आडवा धरा आणि फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की आकडे सपाट होतात. शेवटी विम्यासाठी घेतात तसा पातळ कागदावर पेन्सिल प्रिंट घ्या. वाचता न आलेल्या आकड्याच्या जागी अंदाजानं काही भरू नका, जागा रिकामी ठेवा.

कुठं शोधायचं :

- फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) आणि मॉडेल ए (१९२८–३१) : इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाण्याचा पाइप आत शिरतो त्याच्या वर. या गाड्यांत इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. ‘टी’चं इंजिन बदललेलं असेल तर ओळखही बदलली म्हणून समजा; ‘ए’मध्ये तोच नंबर चॅसिसवरही ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली झाकलेला.
- सहा सिलिंडरची जुनी शेवर्ले (१९२९ पासून पुढं) : इंजिनाच्या उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरजवळच्या सपाट जागेवर.
- मॉरिस, ऑस्टिन, हिलमन अशा इंग्रजी गाड्या : बॉनेट उघडल्यावर समोर दिसणाऱ्या आडव्या पत्र्यावरची पट्टी, आणि शिवाय चॅसिसवर.
- रोल्स-रॉईस : त्याच आडव्या पत्र्यावर चॅसिस नंबरची पट्टी. हा नंबर मिळाला तर तुमचं निम्मं काम झालं. पहिल्या खरेदीदारापर्यंतच्या मूळ नोंदी इंग्लंडमधल्या रोल्स-रॉईस हौशींच्या क्लबाकडे जपलेल्या आहेत.
- जीप : पुढच्या बंपरमागे डाव्या चॅसिस पट्टीवर, आणि डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या झाकणावरच्या पट्ट्यांवर.

‘बॉडी बाय फिशर’ अशी पट्टी दिसली की पुष्कळांना वाटतं गाडी ‘फिशर’ कंपनीची. फिशर ही जनरल मोटर्सची बॉडी बनवणारी शाखा होती. त्या पट्टीवरचा आकडा बॉडीचा, गाडीचा नव्हे. तसंच दाराच्या उंबऱ्याला कलकत्त्याच्या स्टुअर्ट किंवा मद्रासच्या सिम्प्सन कंपनीची पट्टी असेल तर बॉडी तिथं चढवलेली आहे एवढंच कळतं. खाली चॅसिस कुणाचीही असू शकते. पूर्वी श्रीमंत माणूस चॅसिस विलायतेहून मागवी आणि बॉडी इथं बांधून घेई.

कॅनडाचा चकवा

हा इथं वेगळा काढतो, कारण यात जाणकारही फसतात. तुम्ही नंबर वाचला, अमेरिकन फोर्डच्या तक्त्यात शोधला, आणि साल भलतंच निघालं. चूक तुमची नाही. ब्रिटिश साम्राज्यात विकायच्या उजव्या स्टेअरिंगच्या अमेरिकन गाड्या मोठ्या प्रमाणावर कॅनडात बनत : फोर्ड ओंटारियोतल्या वॉकरव्हिलला, जनरल मोटर्सच्या ओशावाला. त्यांच्या नंबरांची मालिका अमेरिकेहून स्वतंत्र. नंबराच्या सुरुवातीला ‘सी’ किंवा ‘सीए’ दिसलं की कॅनडाचा तक्ता उघडा. भारतात सापडलेली उजव्या स्टेअरिंगची फोर्ड कॅनडाचीच आहे असं धरून सुरुवात करणं मी तरी शहाणपणाचं मानतो.

नंबर गेलेच असतील तर

मग अंगावरच्या खुणा. पण एक तर्क डोक्यात ठेवा : खूण ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते, ‘याच वर्षीची’ असं सांगत नाही. आणि दिवे-चाकांपेक्षा छत, खांब, काचेची चौकट यांच्यावर जास्त भरवसा ठेवा. ते बदलणं खर्चाचं असतं.

छतापासून सुरुवात करा. जनरल मोटर्सच्या बंद गाड्यांत अखंड पोलादी छत १९३५ मध्ये आलं. त्याआधी छताच्या मध्यभागी कापडाचा चौकोन असे, तो आपल्या पावसात कुजून गेलेला असतो आणि वर नुसतं भोक दिसतं. दारात तिकोनी उघडती काच असेल तर जनरल मोटर्सच्या बाबतीत गाडी १९३३ च्या आधीची नाही. लाकडी आरे असतील तर बहुधा विसाव्या दशकातली किंवा तिसाव्याच्या सुरुवातीची. दिवे दांडीवर वेगळे उभे आहेत की मडगार्डमध्ये बुडालेले? बुडू लागले ते तिसाव्या दशकाच्या शेवटाकडं. दारांच्या मधल्या खांबातून हातासारखी बाहेर येणारी लाल-पिवळी दांडी, म्हणजे वळण्याचा इशारा, दिसली तर बहुधा इंग्रजी गाडी, तिसाव्या ते पन्नासाव्या दशकातली.

टायरवरचे आकडेही बघा. मॉडेल ‘ए’ला आधी २१ इंची चाकं होती, १९३० पासून १९ इंची. इंग्रजी गाड्यांवरच्या लुकास कंपनीच्या वस्तूंवर, विशेषतः युद्धानंतरच्या, महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. तीन-चार वस्तूंवर एकच साल आलं तर तो योगायोग नसतो.

आणि बहुतेकांच्या शेडमध्ये असते ती देशी गाडी

जीपबद्दल सर्वाधिक पत्रं येतात, आणि सर्वाधिक थापाही जीपबद्दलच ऐकू येतात. प्रत्येक जीप ‘महायुद्धातली’ असते. साधी परीक्षा : पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला नऊ. नंतरच्या नागरी जीपला, महिंद्राची उंच बॉनेटची जीप धरून, सात. नऊ निघाल्या तर खाली वाका. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डनं बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर ठोकलं होतं. डावं स्टेअरिंग हा मात्र पुरावा नाही. महिंद्राच्या कितीतरी जीप डाव्या स्टेअरिंगच्याच होत्या, मागं तसं लिहिलेलंही असे.

हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर १९५४ ची, अँबेसेडर १९५७ ची. लोक दोन्हींना अँबेसेडरच म्हणतात. बॉनेट गुळगुळीत असेल तर लँडमास्टरचा संशय घ्या, मधोमध उंचवट्याच्या घड्या असतील तर अँबेसेडर. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० पुढची दारं उलटी उघडणारी असेल तर १९६४ च्या डिलाइटच्या आधीची, म्हणजे आपली डुक्कर फियाट. ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी आलं. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ओळखायला सोपी : बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढं कलतं.

नंबरप्लेट किती बोलते?

थोडंच. ‘यूपी’ ही अक्षरं आधी संयुक्त प्रांताची, २४ जानेवारी १९५० पासून उत्तर प्रदेशची. इंग्रजीत आद्याक्षरं तीच राहिली, म्हणून नुसत्या ‘यूपी’वरून गाडी स्वातंत्र्याआधीची ठरत नाही. महाराष्ट्रात जुनी पाटी ‘बी’नं सुरू होत असेल तर बहुधा मुंबई राज्याच्या काळातली, ‘एम’नं असेल तर नंतरची. ‘एमएच १२’, ‘यूपी ३२’ ही धाटणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. पाटी काढू नका, पुसू नका, तिच्याखाली आणखी एक जुनी पाटी किंवा रंगवलेला नंबर आहे का ते बघा. गाडीचं नाही, तरी मालकाचं गाव त्यातून सापडू शकतं.

गाडी कुणाची?

इथं लोक सर्वांत जास्त गृहीत धरतात, आणि इथंच अंगाशी येतं.

*जमीन विकत घेतली, शेडमध्ये गाडी निघाली.* गाडी तुमची झाली नाही. खरेदीखतानं जमीन मिळते आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू मिळतात : विहीर, झाडं, बांधकाम. शेडमध्ये उभी मोटार ही जंगम वस्तू. विकणाऱ्याला “ती घेऊन टाका” असं तोंडी म्हणायची सवय असते. त्याला तेवढ्यावर सोडू नका. स्वतंत्र विक्रीपत्र, आणि आरसी असेल तर फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्या. पुढं त्याच्या मुलांना गाडीची किंमत कळेल तेव्हा हा कागद कामी येईल.

*गाडी आजोबांची.* मग ती सगळ्या वारसांची, शेतीसारखीच. हिंदू वारसा कायद्यात मुलींचा हिस्साही तितकाच. गाडी शेतावर राहणाऱ्या भावाची, असा समज उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखाच पक्का आहे आणि सारखाच चुकीचा. मालक वारला असेल तर वारसानं फॉर्म ३१ वर नाव बदलून घ्यायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. पुण्यातली आत्या, अमेरिकेतला चुलतभाऊ, सगळ्यांच्या सह्या आधी मिळवा. दुरुस्तीवर पैसे घातल्यावर सह्यांची किंमत वाढते.

*बाग ठेक्यानं घेतलीय किंवा जमीन बटाईनं करता.* गाडी तुमची नाही. मालकाला लेखी कळवा, प्रत जवळ ठेवा.

*मालकाचा पत्ताच नाही.* आधी जमिनीचा माग काढा. महाराष्ट्रात सातबारा आणि फेरफार बघता, तसं उत्तर प्रदेशात खतौनी बघायची. ती भूलेख संकेतस्थळावर मिळते, आणि जुन्या नोंदींसाठी तहसील गाठावं लागतं. तलाठ्याच्या जागी इथं लेखपाल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. गाडी कुणी चालवायची हे त्यांना मालकाच्या नावापेक्षा जास्त आठवतं, आणि ड्रायव्हरच्या घरी कधी कधी आरसी बुक निघतं. हे सगळं करूनही कुणी सापडलं नाही तर पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. बेवारस मालासाठी १८६१ च्या पोलीस कायद्यात जाहीर नोटीस आणि दावा करायला सहा महिन्यांची मुदत अशी तरतूद आहे. सापडलेली वस्तू गुपचूप विकली किंवा आपल्या नावावर करून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हा ठरू शकतो.

तुमचा हक्क काहीच नाही का? आहे. १८७२ च्या करार कायद्यात सापडणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे तसा हक्कही : मालक शोधायला आणि वस्तू सांभाळायला केलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणून ताडपत्रीपासून रखवालदारापर्यंत प्रत्येक पावती जपा.

लखनौच्या परिसरात आणखी एक गोष्ट तपासा. खतौनीत ‘शत्रु संपत्ति’ (म्हणजे पाकिस्तानात किंवा चीनमध्ये गेलेल्यांची मागे राहिलेली मालमत्ता) असा शेरा असेल तर जमिनीवरच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी वकिलाकडे जा. १९६८ च्या कायद्यानं, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर अधिकच कडकपणे, अशा मालमत्तेचा ताबा सरकारी अभिरक्षकाकडे असतो.

कागद होतील का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय झाली. गोषवारा असा :

- पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.
- अर्ज परिवहन पोर्टलवरून, फॉर्म २० मध्ये. सोबत विमा, जुनी आरसी. आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचा कागद.
- नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये.
- नव्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि ठेवाच.
- गाडी रोज वापरता येत नाही, व्यवसायासाठी तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढंच.

शेवटच्या मुद्द्यावर लखनौतले वाचक हमखास नाराज होतात, कारण त्यांच्या मनात लग्नाची वरात असते. वरातीला भाड्यानं देणं हा व्यवसाय झाला. रोजच्या वापरासाठी गाडी हवी असेल तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घ्यावं लागतं, फॉर्म २५ वर, योग्यतेच्या तपासणीसह, पाच-पाच वर्षांनी. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला दिल्ली परिसरात असलेली बंदी लखनौला लागू नाही. पण नोएडा-गाझियाबादला राहणाऱ्या मुलाकडे गाडी न्यायचा बेत असेल तर तो सोडा.

‘मूळ रूपात’ हे शब्द नीट वाचा. जुन्या फोर्डमध्ये डिझेल इंजिन बसवून देतो, रोज चालेल, असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक शहरात आहे. तो खोटं बोलत नाही, गाडी चालतेही. पण मग ती या नियमात बसत नाही आणि आरसीवरचा इंजिन नंबरही जुळत नाही. ट्यूबवेलवरचं मूळ इंजिन गंजलेलं असलं तरी टाकू नका.

आणि ‘व्हिंटेज’ या शब्दावरून भांडू नका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. आपल्या नियमात १९७२ साली नोंदलेली फियाटही बसते.

विकण्याआधी

२०१४ मध्ये फ्रान्समध्ये बायों कुटुंबाच्या शेतावर अशाच शेडखाली साठ गाड्या कुजत पडलेल्या मिळाल्या. पुढच्या वर्षी पॅरिसला लिलाव झाला. अभिनेता अलँ दलों याच्या मालकीची राहिलेली एक फेरारी एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. ही बातमी वाचून माझ्याकडे येणारे फोटो एकदम वाढले होते. त्या लिलावातून शिकण्यासारखं एकच आहे : गाड्या धूळ न झटकता विकल्या गेल्या. तुमची गाडी फेरारी नाही, पण धूळ तशीच ठेवा.

पहिला माणूस येईल तो किलोवर भाव सांगेल. दुसरा म्हणेल, गाडी राहू द्या, नुसती नंबरची पट्टी आणि जुनं आरसी बुक द्या, चांगले पैसे देतो. या दुसऱ्याला दारातही उभं करू नका. त्याला तुमच्या गाडीची ओळख दुसऱ्याच सांगाड्यावर चढवायची असते, आणि पोलिसांत नाव मात्र तुमचं जाईल. चोरीच्या गाड्यांसाठी बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार आठवा. परदेशी ग्राहकाच्या मोठ्या बोलीनंही हुरळू नका. १९५० पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर जुने निर्बंध आहेत, आणि शंभर वर्षं ओलांडलेल्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही आडवा येऊ शकतो.

किंमत ठरवायला दोन स्वतंत्र माणसं बोलवा, ज्यांना गाडी विकत घ्यायची नाही. मुंबई, पुणे, दिल्ली, लखनौ, सगळीकडे जुन्या गाड्यांच्या हौशींची मंडळं आहेत. रॅलीच्या दिवशी जाऊन भेटा, ही माणसं बोलायला कंटाळत नाहीत. खरंच भंगारातच द्यायची असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घेऊन आरसी रद्द करून घ्या.

मलिहाबादेत दसहरी उतरायला लागला की पाऊस फार लांब नसतो. तुमच्या शेडचं छप्पर गळत असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी एवढं करा : नंबरांचा पेन्सिल प्रिंट घ्या, आसांखाली लाकडी ठोकळे घालून चाकं जमिनीपासून उचला, आणि ताडपत्री गाडीला न चिकटता बांबूंवर ताणून बांधा, म्हणजे खालून वारा फिरेल. मग मला फोटो पाठवा. पण समोरचा नको.